दख्खनी मुस्लिम स्त्रियांचे चांदीचे तारकामी हार

चांदीचे तारकामी हार हे दख्खनमधील मुस्लिम स्त्रियांच्या पारंपरिक पेहरावातील गळ्याचे अलंकार होत. चांदीची अतिशय बारीक तार ओढून, तिला पीळ देऊन आणि वळवून केलेली जाळी हे त्यांचे मुख्य वैशिष्ट्य आहे. मराठवाडा, तेलंगण आणि कर्नाटकातील बीदर, गुलबर्गा, रायचूर हे जिल्हे मिळून पूर्वीचे हैदराबाद संस्थान झाले होते. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) हे या संस्थानाच्या मराठीभाषक भागातील सर्वांत मोठे शहर होते.

या दागिन्यांना सरसकट ‘इस्लामी दागिने’ म्हटले जाते. ते पूर्णपणे बरोबर नाही. दख्खनमध्ये चांदी घडवणारा कारागीर बहुधा हिंदू सोनार असे. हार ओवणाऱ्या पटवेकऱ्यांत हिंदू आणि मुस्लिम दोन्ही होते. हसळी, ताईत, चंद्रहार, काळी पोत हे आकारही सर्व समाजांत समाईक आहेत. या हारांचे मुस्लिमपण त्यांच्या घडणीत शोधण्यापेक्षा ते कोणत्या प्रसंगी मिळतात, पेहरावात कोठे राहतात, त्यांची मालकी कोणाची आणि त्यांवर जकात कशी मोजतात, यांत शोधावे लागते.

संज्ञा

‘तार’ आणि ‘कश’ (ओढणे) या फार्सी शब्दांपासून ‘तारकशी’ हा शब्द बनला. ओडिशातील कटकच्या कामाला ‘तारकसी’ म्हणतात, तर तुर्कस्तानात ‘तेल’ म्हणजे तार यावरून ‘तेलकारी’ हा शब्द रूढ आहे. ‘फिलिग्री’ हे युरोपीय नाव ‘फिलम’ (धागा) आणि ‘ग्रानुम’ (दाणा) या लॅटिन शब्दांवरून आले असून त्यात तारेबरोबर चांदीच्या बारीक रव्यांचाही निर्देश आहे.

दख्खनमध्ये तारकशी हा शब्द तीन निरनिराळ्या कामांसाठी वापरला जातो आणि त्यामुळे वाचकांचा वारंवार घोटाळा होतो. पहिले काम जरीचे. चांदीची तार ओढून, चपटी करून (या चपट्या तारेला ‘बादला’ म्हणतात) रेशमावर गुंडाळली की कलाबतू तयार होते. पैठणीच्या पदराला आणि काठाला तीच लागते. दुसरे बिदरीचे. त्यात जस्त आणि तांबे यांच्या मिश्रधातूच्या पृष्ठभागावर खोबणी कोरून चांदीची तार ठोकून बसवतात. तिसरे काम म्हणजे प्रस्तुत लेखाचा विषय असलेले जाळीकाम. यात तारेला खाली कसलाही आधार नसतो, ती स्वतःच दागिना होते. संभाजीनगरात पर्यटकांसाठी विकली जाणारी बिदरीची पदके सुंदर असली, तरी ती तारकामी हारांत मोडत नाहीत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मलिक अंबरने १६१० साली खडकी हे नगर वसवले. दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आल्यावर औरंगजेबाने १६५३ साली त्याला औरंगाबाद हे नाव दिले. मुघल सरदार, फौजा आणि त्यांच्याबरोबर आलेली कुटुंबे यांमुळे शहरात किनखाब, हिमरू, मशरू आणि जर यांना मोठी मागणी निर्माण झाली. जवळच्या पैठणला विणकाम आणि जर यांची परंपरा त्याही आधीपासून होती. चांदीची तार ओढणाऱ्या तारकसांना या परिसरात काम होते, ते मुख्यतः कापडासाठी. दागिन्यांचे जाळीकाम याच तारेवर आधारलेले असले, तरी ते वेगळ्या हातांचे काम आहे.

आसफजाही घराण्याची राजधानी १७६३ साली औरंगाबादहून हैदराबादला गेली आणि दरबाराबरोबर श्रीमंत गिऱ्हाईकही गेले. चांदीच्या जाळीकामाचे संस्थानातील सर्वांत प्रसिद्ध केंद्र म्हणून करीमनगर व त्याजवळचे एलगंदल पुढे आले. अत्तरदाण्या, पानदान, गुलाबदाण्या आणि तबके यांसाठी ते नावाजले. ‘करीमनगरची चांदीची फिलिग्री’ या नावाने २००७ साली या कलेला भौगोलिक मानांकन मिळाले. कटकच्या ‘रूपा तारकसी’ला ते २०२४ साली मिळाले.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात, करीमनगर आंध्र प्रदेशात आणि बीदर म्हैसूर राज्यात गेले. एकाच संस्थानातील ही तीन केंद्रे अशा रीतीने तीन राज्यांत विभागली गेली. या कलेवरील आजचे लेखन त्या त्या राज्याच्या हद्दीत थांबते, आणि मराठवाड्यातील मुस्लिम घरांतील दागिन्यांचा उल्लेख ‘हैदराबादी’ म्हणून एका ओळीत उरकला जातो, त्यामागे हे एक कारण आहे.

दख्खनी मुस्लिमांच्या दागिन्यांविषयी छापील माहिती मिळते ती प्रामुख्याने ‘कानून-ए-इस्लाम’ या ग्रंथात. जाफर शरीफ यांनी दख्खनमधील चालीरीतींवर लिहिलेला हा ग्रंथ जी. ए. हर्क्लॉट्स यांच्या इंग्रजी अनुवादातून १८३२ साली लंडनला प्रसिद्ध झाला. १९२१ साली विल्यम क्रुक यांनी त्याची सुधारित आवृत्ती काढली.

घडण

जाळीकामासाठी चांदी जितकी शुद्ध तितकी बरी, कारण शुद्ध चांदी मऊ असते आणि न तुटता ओढली जाते. जुने रुपये आटवून दागिने करण्याची पद्धत सर्वत्र होती. ब्रिटिश रुपयाचे वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असे. हैदराबादचा हाली सिक्का याहून वेगळा होता. नाण्यांतील तांब्यामुळे तार कडक होते. म्हणून बारीक कामासाठी चांदी आधी शुद्ध करून घेत.

मुशीत वितळवलेल्या चांदीची लगड ओततात. ती ठोकून लांब आणि बारीक करतात आणि मग जंत्रीतून ओढतात. जंत्री म्हणजे क्रमाने लहान होत जाणारी छिद्रे असलेली पोलादी पट्टी. प्रत्येक छिद्रातून तार ओढली की ती लांबते, बारीक होते आणि कडकही होते. त्यामुळे मधूनमधून ती तापवून नरम करावी लागते. केसासारखी बारीक झालेली तार दुहेरी करून पीळ देतात आणि हलकेच चपटी करतात. चपट्या केलेल्या पिळाच्या कडेला दाण्यांची ओळ असल्याचा भास होतो. चांगल्या जाळीकामाचे तेज या दातेरी कडेवरून प्रकाश विखुरतो म्हणून असते. चकाकी देऊन ते आणता येत नाही.

नंतर जाड तारेची चौकट करतात. पान, फूल, चंद्रकोर, कैरी असा जो आकार हवा असेल, त्याची ही बाह्यरेषा. तिच्या आत पिळलेल्या तारेची वळणे, वेटोळी आणि पाकळ्या चिमट्याने दाटीने बसवतात. झाळणाचा कीस आणि टाकणखार भुरभुरून फुंकणीने ज्योत सोडतात. सगळी कसोटी या क्षणी असते. चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते आणि झाळण त्याच्या थोडे आधी. ज्योत कमी पडली तर सांधे धरत नाहीत, किंचित अधिक राहिली तर कित्येक तासांची जाळी एका थेंबात गोळा होते. झाळलेला नग सौम्य तेजाबात उकळून काळेपणा घालवतात, रिठ्याच्या पाण्याने घासतात आणि चौकटीला ओप देतात.

जाळीला ओढ सहन होत नाही. यामुळे संपूर्ण हार एकसंध जाळीचा नसतो. मधले पदक, ताईत, पोकळ मणी आणि जोडपट्ट्या तारकामाच्या असतात. भार साखळीवर, कड्यांवर किंवा दोऱ्यावर टाकलेला असतो. येथून पुढचे काम पटवेकऱ्याचे. तो रेशमाच्या किंवा सुताच्या दोऱ्यात नग ओवतो, दोन नगांमध्ये गाठ मारतो आणि मागे गोंडा व सरकती गाठ करतो. या गाठीमुळे हार गळ्यालगत किंवा छातीपर्यंत, हवा तसा घेता येतो. दोरा कुजतो, म्हणून काही वर्षांनी हार पुन्हा ओवावा लागतो. पुनर्गुंफणीत नग कमी-अधिक होतात, काळे मणी बदलतात, एका हाराचे दोन बहिणींसाठी दोन हार होतात. एखाद्या जुन्या हाराचा ‘मूळ’ घाट ठामपणे सांगणे यामुळेच अवघड जाते.

प्रकार

यांतील बहुतेक नावे सोन्याच्या दागिन्यांनाही लागू आहेत. धातू बदलला म्हणून नाव बदलत नाही, हे लक्षात ठेवावे.

हसळी हे गळ्याच्या हाडाच्या नावावरूनच ओळखले जाणारे कडे होय. मराठीत याच जातीच्या दागिन्याला सरीही म्हणतात. अरबीत गळ्यातील कड्याला ‘तौक’ असा शब्द आहे. हसळी भरीव असते आणि तारकाम असलेच तर पुढच्या भागावर जोडलेले असते. गुलूबंद हा गळ्यालगतचा पट्टा, त्याचे नाव फार्सी ‘गुलू’ (गळा) यावरून आले.

ताईत हा या सर्वांत अर्थाने श्रीमंत प्रकार. अरबी ‘तावीज’चे मराठीत ‘ताईत’ झाले आणि ‘गळ्यातला ताईत’ हा वाक्प्रचार अत्यंत प्रिय व्यक्तीसाठी इतका रुळला की त्याचे मूळ कोणाला आठवतही नाही. ताईत म्हणजे लांबट नळी किंवा चौकोनी पेटी; तिच्यात कुराणातील आयत लिहिलेला कागद ठेवतात. नळीच्या दोन्ही टोकांना टोपणे आणि खाली घुंगरू किंवा साखळ्या असतात. ताईत बांधणे योग्य की अयोग्य याबाबत मुस्लिम विद्वानांत मतभेद आहेत. काही पंथ कुराणातील वचन असल्यास त्याला मान्यता देतात, तर अहले हदीस आणि तत्सम विचारांचे लोक ही प्रथाच नाकारतात. तारकामी ताईत अनेकदा रिकामाच, केवळ शोभेचा म्हणून घालतात, त्यामागे हेही एक कारण असू शकते. अरबी ‘हमाइल’ (गळ्यात किंवा खांद्यावरून अडकवायची वस्तू) या शब्दापासून हिंदी-उर्दूतील ‘हमेल’ आला असून तो नाण्यांच्या हारासाठी वापरतात.

लच्छा हा काळ्या मण्यांच्या अनेक सरांचा हार. दख्खनी मुस्लिमांत विवाहाच्या वेळी वधूला ‘काली पोत का लच्छा’ घालण्याची चाल आहे. मराठी वाचकाला यात मंगळसूत्र दिसेल, आणि दोन्हींतील काळी पोत एकाच दख्खनी परंपरेची असणे स्वाभाविक आहे. मात्र निकाहाच्या विधीत लच्छ्याला धार्मिक स्थान नाही. निकाह होतो तो इजाब-कबूल, साक्षीदार आणि मेहर यांवर. लच्छा ही रीत आहे, अट नव्हे. सधन घरांत लच्छ्यात मोती व जडावाचे नग येतात, साध्या घरांत चांदीचे तारकामी मणी किंवा पदक.

हैदराबादी वधूचे चिंताक, सतलडा, जुगनी, रानीहार हे दागिने मात्र सोने, मोती आणि कुंदन यांचे असतात. चांदीच्या हारांची चर्चा करताना त्यांची यादी देण्याची प्रथा पडली आहे. ती दिशाभूल करणारी आहे.

पेहरावातील स्थान

कुराणाच्या ‘नूर’ या सूरेतील ३१ व्या आयतीत स्त्रियांनी ओढणी छातीवरून घ्यावी आणि आपली शोभा परक्यांसमोर उघड करू नये, असे सांगितले आहे. गळ्यातील दागिना नेमका या ओढणीखाली येतो. कानातले किंवा पैंजण यांपेक्षा हाराचा प्रश्न म्हणूनच वेगळा आहे: हार निषिद्ध नाही, पण तो घरात, नातलगांत आणि स्त्रियांच्या मेळाव्यातच दिसतो. हदीस-वाङ्मयात हाराचा उल्लेख अपरिचितही नाही. प्रवासात पैगंबरपत्नी आयेशा यांचा, बहीण अस्मा यांच्याकडून घेतलेला हार हरवला, तो शोधण्यासाठी सर्व काफिला थांबला आणि पाणी नसल्याने मातीने शुद्धी करण्याची (तयम्मुम) अनुज्ञा त्या प्रसंगी मिळाली, अशी कथा बुखारींच्या संग्रहात आहे.

दख्खनी शहरी पेहरावात कुर्ता, चोळी, पायजमा आणि सुमारे सहा वारांचा ‘खडा दुपट्टा’ येतो. हा दुपट्टा मुख्यतः लग्नात वापरतात. मराठवाड्यातील ग्रामीण मुस्लिम स्त्रिया मात्र साडी-चोळीच नेसत आल्या. त्यांच्या गळ्यात आणि शेजारच्या कुणबी किंवा तेली घरातील स्त्रीच्या गळ्यात फरक दिसे तो कुंकवाशी संबंधित खुणांचा आणि देवदेवतांच्या टाकांचा. मुस्लिम दागिन्यांत मूर्ती व प्राण्यांच्या आकृती सहसा टाळतात. तेथे चंद्रकोर, तारा, पान-फूल व भौमितिक नक्षी येते. तारेच्या वेटोळ्यांतून वेल आणि पाकळी सहज उमलते, म्हणून हे तंत्र या अभिरुचीला अनुकूल ठरले.

पुरुषांना सोने आणि रेशीम वर्ज्य असून चांदीची अंगठी चालते. स्त्रियांना दोन्ही धातू मोकळे आहेत. चांदी निवडण्याचे कारण धार्मिक नसून बहुतांशी आर्थिक होते.

मालकी, मेहर आणि जकात

मेहर ही वराने वधूला द्यावयाची, केवळ तिच्या मालकीची रक्कम किंवा वस्तू. ती चांदीत मोजण्याची जुनी पद्धत आहे. हनफी मतानुसार मेहरची किमान मर्यादा १० दिरहम, म्हणजे ३०.६१८ ग्रॅम चांदी. ‘मेहर-ए-फातिमी’ ५०० दिरहमांचा, म्हणजे भारतीय उलेमांच्या हिशेबाने १३१ तोळे ३ मासे (सुमारे १,५३१ ग्रॅम) चांदीचा धरतात. दागिना मेहर म्हणून दिला असेल तर पतीला तो परत मागता किंवा तिच्या संमतीविना विकता येत नाही. केवळ घालायला दिलेला दागिना मात्र वादाचा विषय होतो. म्हणून निकाहनाम्यात दागिन्याचे वजन स्पष्ट लिहिण्याला महत्त्व आहे.

जकातीच्या बाबतीत महाराष्ट्रातच दोन रीती आढळतात. मराठवाड्यातील बहुसंख्य सुन्नी मुस्लिम हनफी आहेत. हनफी मताप्रमाणे अंगावरच्या दागिन्यांवरही जकात लागते. चांदीची मर्यादा (निसाब) २०० दिरहम, म्हणजे साडेबावन्न तोळे किंवा ६१२.३६ ग्रॅम. एखाद्या स्त्रीकडे ६० तोळे चांदी वर्षभर राहिली तर चाळिसावा भाग, म्हणजे दीड तोळा चांदी किंवा तिची किंमत तिने द्यावयाची. वजन धातूचे धरतात. मणी, खडे आणि रेशीम त्यात येत नाहीत. कोकणी मुस्लिम मात्र शाफई आहेत आणि शाफई मतात वापरातल्या, प्रमाणात असलेल्या दागिन्यांवर जकात नाही. सारखाच हार संभाजीनगरात हिशेबात धरला जाईल आणि रत्नागिरीत धरला जाणार नाही.

चांदीच्या बदल्यात चांदी घेताना वजन सारखे आणि व्यवहार रोख असावा, असा दंडक आहे. खैबरच्या वेळी सोने आणि मणी असलेला एक हार १२ दिनारांना घेतला गेला, तेव्हा सोने वेगळे केल्याशिवाय असा हार विकू नये असे पैगंबरांनी सांगितल्याची हदीस मुस्लिम यांच्या संग्रहात आहे. जुना दागिना देऊन वजनात फरक असलेला नवा घेण्याऐवजी आधी जुना रोखीने विकून मग नवा विकत घ्यावा, असा सल्ला उलेमा देतात तो यामुळेच.

मोड

सोन्याच्या दरबारी दागिन्यांचे नशीब वेगळे. निजामाचे १७३ अलंकार भारत सरकारने १९९५ साली सुमारे २१८ कोटी रुपयांना विकत घेतले आणि ते रिझर्व्ह बँकेत सुरक्षित आहेत. चांदीच्या हारांना असा वाली नाही. दुष्काळी मुलखात चांदी ही बाईची बचत असते आणि अडचणीच्या वर्षी सराफाकडे पहिल्याने तीच जाते. मोडीत घडणावळ बुडते. तारकामात घडणावळीचा वाटा मोठा आणि धातूचा लहान असल्याने नुकसान अधिक होते. शिवाय झाळणातील तांबे-जस्तामुळे कस उतरतो आणि त्यापोटी सराफ तूट कापतो. २०२५ साली चांदीचा भाव किलोला एक लाख रुपयांच्या बराच पुढे गेला. अशा तेजीत जुनी चांदी बाजारात येते आणि थेट मुशीत जाते. भौगोलिक मानांकनाने नव्या मालाचे नाव राखले जाते; जुना नग वितळण्यापासून वाचत नाही. किमान छायाचित्र, वजन आणि घरात चालणारे नाव नोंदवून ठेवणे कोणत्याही शाळा-महाविद्यालयाला जमण्यासारखे आहे.

अन्य मुस्लिम देशांतील तारकाम

घडवणारा एका धर्माचा आणि वापरणारा दुसऱ्या, ही स्थिती केवळ दख्खनची नाही. येमेनमध्ये चांदीचे उत्कृष्ट तारकाम ज्यू कारागीर करत आणि ते मुस्लिम स्त्रिया घालत. १९४९-५० मध्ये बहुतेक येमेनी ज्यू इस्रायलला गेल्यावर तेथील कामाचा दर्जा घसरला. तुर्कस्तानातील मिद्यात येथील तेलकारी सिरियाक ख्रिस्ती सोनारांच्या हातची. इराणमध्ये झंजान हे या कामासाठी प्रसिद्ध असून तेथे त्याला ‘मलीले’ म्हणतात. अरबस्तानात मारिया थेरेसा हे ऑस्ट्रियन नाणे (२८.०७ ग्रॅम, ८३.३ टक्के चांदी) आटवून दागिने केले जात. येमेनच्या हद्रमौत प्रांतातून निजामाच्या फौजेत आलेल्या अरबांचे वंशज मराठवाड्यात चाऊस या आडनावाने राहतात. त्यामुळे दोन्हीकडच्या ताईतांतील साम्य पाहून ‘हा घाट अरबस्तानातून आला’ असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु नळीचा ताईत भारतात सर्वत्र आढळतो, आणि नुसत्या साम्यावरून असा निष्कर्ष काढणे उचित नाही.

खरे तारकाम ओळखणे

बाजारात ‘ऑक्सिडाइज्ड’ किंवा ‘व्हाइट मेटल’ म्हणून मिळणारे बहुतेक जाळीदार हार साच्यात ओतलेले असतात. जर्मन सिल्व्हर या धातूत तर चांदी नसतेच. तो तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू आहे. भिंगातून पाहिल्यास खऱ्या तारकामात तारेचा पीळ सुटा दिसतो, वेटोळे चौकटीला जेथे टेकते तेथे झाळणाचा ठिपका असतो आणि दोन पाकळ्या तंतोतंत सारख्या नसतात. ओतीव नगात पिळाच्या खाचा बुजलेल्या, मागची बाजू सपाट आणि कडेला साच्याची रेघ असते. भारतात चांदीचे हॉलमार्किंग ऐच्छिक आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून हॉलमार्क केलेल्या चांदीच्या दागिन्यांवर सहा अक्षर-अंकांचा ओळख-क्रमांकही येतो. नाजूक जाळीवर शिक्का उमटवायला जागा नसल्याने तो चौकटीवर, कडीवर किंवा फाशावर पाहावा.